शासन निर्णय मराठीत लिहिता, तर मराठीत सापडूही द्या

प्रति,
मा. प्रधान सचिव,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई 400032

महोदय,

धामणगाव रेल्वेत व्यापाऱ्यांची संकेतस्थळे तयार करायची आणि ती गुगलवर वर आणायची, हा माझा धंदा. जिनिंगवाले, बी-बियाण्यांचे दुकानदार, शिकवणीवाले ही माझी गिऱ्हाइके. एखादे पान का सापडते आणि दुसरे का सापडत नाही, हे रोज पाहण्यावरच माझे पोट आहे. त्यामुळे सरकारी संकेतस्थळे पाहिली की संताप येतो. एका कार्यालयाला याबद्दल रीतसर लिहिले होते. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

शासन निर्णय घ्या. शेतकऱ्याला मदत किती, कोणाला, कोणत्या अटीवर, हे सारे त्यात असते. तो आपण पीडीएफ करून ठेवता आणि तिला ओळख देता 18 आकड्यांची. पहिले चार आकडे वर्षाचे, मग महिना, दिवस, तास, मिनिटे, सेकंद आणि पुढे आणखी चार. कागद कोणत्या सेकंदाला चढला हे त्या नावावरून कळते. तो कपाशीचा आहे की शिष्यवृत्तीचा, हे कळत नाही. फाइल उघडली तर पुष्कळदा आत झेरॉक्सचा फोटो असतो. फोटोतली अक्षरे शोधयंत्र ओळखू शकते, हे मला ठाऊक आहे. पण वाकडा ठेवलेला कागद, त्यावर गोल शिक्का, शिक्क्याखाली दबलेले जोडाक्षर, यातून ते काय ओळखणार? जुन्या फाइली युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना ती मराठी दिसते, यंत्राला मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा मिळतो. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या फाइलीतला एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवून पाहा. कितीदा वेलांट्या सुटतात आणि रफार भलतीकडे जातो. शोधणारा 'कापूस' लिहितो आणि तो शब्द त्या फाइलीत त्या रूपात उरलेलाच नसतो.

हे कागद शोधायला आपण रकाने दिले आहेत. विभाग निवडा, तारीख टाका, सांकेतांक टाका. ज्याला विभाग, तारीख आणि सांकेतांक माहीत आहे, त्याच्याकडे तो कागद बहुधा आधीच असतो. ज्याला काहीच माहीत नाही, तो गुगल उघडतो. गुगल आपले रकाने भरत बसत नाही. कागदापर्यंत साधा दुवा असेल तरच ते तिथे पोहोचते.

माहितीचा अधिकार अधिनियम 2005 चा आहे. त्याच्या कलम 4 मध्ये अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमित ठेवावेत, माहिती लोकांना सहज मिळेल अशा स्वरूपात आणि स्थानिक भाषेचा विचार करून पसरवावी, असे लिहिले आहे. केंद्र सरकारनेही सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये काढली आणि 2023 मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आणली. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम तर 1964 चा. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात झाली. एवढे सगळे असताना मराठी शब्द टाकून मराठी आदेश मिळू नये, याला तांत्रिक अडचण म्हणू नका. ही आपली हयगय आहे.

याची किंमत कोण मोजतो ते सांगतो. खरीप 2023 पासून पीक विमा एका रुपयात होता. खरीप 2025 पासून ती सोय बंद झाली. आता खरिपाला 2 टक्के, रब्बीला 1.5 टक्के आणि कपाशीसारख्या नगदी पिकाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता आहे, म्हणजे विम्याच्या हजार रुपयांमागे 50 रुपयांपर्यंत. "भाऊ, पऱ्हाटीचा इमा एका रुपयात हाये ना?" असे नियम बदलल्यावरही लोक विचारत राहिले. त्यांची चूक नाही. मोबाइलवर त्यांना खासगी पाने दिसतात आणि त्यांतली कितीतरी जुना मजकूर तसाच ठेवून वरची तारीख तेवढी बदलतात. माझ्या धंद्यात ही युक्ती सगळ्यांना माहीत आहे. वाचक आला की जाहिरातीचे पैसे मिळतात. तो फसून परत गेला तरी मिळतात.

'लाडकी बहीण' योजनेचेही तसेच. 18 सप्टेंबर 2025 ला ई-केवायसीचा आदेश निघाला, मुदत दोन महिन्यांची होती, पुढे ती 31 डिसेंबरपर्यंत वाढली. आयाबायांनी मोबाइलवर शोधायला सुरुवात केली आणि बनावट संकेतस्थळांपासून सावध राहा, असे सांगण्याची पाळी आली. महिन्याच्या 1,500 रुपयांसाठी आधार क्रमांक आणि ओटीपी भलत्याच्या हातात जाण्याचा धोका होता. सावध राहा म्हणणे सोपे आहे. आपले खरे पान सर्वांत वर ठेवणे हे आपले काम होते. योजनेचे नाव लोक मराठीत आणि रोमन लिपीत ज्या ज्या तऱ्हेने लिहितात, ती सगळी रूपे त्या पानावर हवी होती.

2025 च्या सुरुवातीला सरकारने कार्यालयांसाठी 100 दिवसांचा कार्यक्रम घेतला. सात मुद्द्यांत संकेतस्थळ होते. 1 मे रोजी निकाल लागला, कार्यालयांचा गौरव झाला. माझा प्रश्न एवढाच आहे की गुण देताना कुणी गावातला साधा मोबाइल हातात घेऊन, मराठीत दोन शब्द टाकून, ते पान येते का हे पाहिले का? पाहिले असेल तर तो निकाल प्रसिद्ध करा.

यासाठी नवे पोर्टल काढू नका, नवे अॅप तर मुळीच नको. गुगलच्या साध्या निकालांत येण्याला पैसे पडत नाहीत. पैसे लागतात ते जाहिरातीच्या जागेला. प्रत्येक निर्णयाच्या पीडीएफशेजारी त्याच मजकुराचे युनिकोडमधले साधे पान ठेवा. त्याला माणसाला कळेल असे शीर्षक द्या: कोणती योजना, कोणते वर्ष, कोणासाठी. निर्णय रद्द झाला की जुन्या पानावर ठळक लिहा आणि नव्याचा दुवा द्या. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर पोहोचला पाहिजे. पानांची यादी शोधयंत्राला द्या. एका जिनिंगसाठी हे सगळे मी एकट्याने करतो. आपल्याकडे एनआयसीसारखी सरकारी तांत्रिक संस्था आहे, जिल्ह्याजिल्ह्यात माणसे आहेत.

सुरुवात कृषी आणि महसूल या दोन विभागांपासून करा. आमच्या तालुक्याचे बहुतेक प्रश्न त्यांच्याच कागदांत आहेत. काम कोणत्या अधिकाऱ्याकडे दिले आणि केव्हा पुरे होणार, हे जाहीर करा. ते उत्तर पीडीएफमध्ये नको, पानावर मजकूर म्हणून द्या.

आपला,
संकेतस्थळांचे काम करणारा एक नागरिक,
धामणगाव रेल्वे, जि. अमरावती