गुणपत्रिका हरवली म्हणून शिक्षण हरवले काय?

नोकरी देणाऱ्याने उमेदवाराकडे दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा मागावा, यात वरकरणी गैर काही नाही. बनावट प्रमाणपत्रांचा धंदा चालतो, हेही खरे. प्रश्न आहे तो असा की, हा पुरावा जपण्याचा, शोधण्याचा आणि पुन्हा मिळवण्याचा सारा भार एकट्या श्रमिकाच्या माथी का?

महाराष्ट्रात १९६५ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले माध्यमिक शिक्षण मंडळ परीक्षा घेते, निकाल लावते आणि त्याची नोंद ठेवते. उमेदवाराच्या हाती असतो, तो त्या नोंदीचा केवळ उतारा. उतारा नाहीसा झाला म्हणून मूळ नोंद पुसली जात नाही. व्यवहारात मात्र कागद गेला की माणूस अशिक्षित ठरतो.

हे कागद जातात कोणाचे? ज्यांच्या घरी लोखंडी कपाट नाही, त्यांचे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या झोपड्यांत पाणी शिरले. २०१९ साली सांगली-कोल्हापूर आणि २०२१ साली चिपळूण बुडाले. अतिक्रमणविरोधी मोहिमेत झोपडी पाडली जाते, तेव्हाही भांड्याकुंड्यांबरोबर ट्रंकेतले कागद मातीत जातात.

दुसरा वर्ग आहे पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांचा. कारखान्यात पंचवीस-तीस वर्षे काढली, तोवर गुणपत्रिका कोणी विचारली नाही. कारखाना बंद पडला आणि आता पहारेकऱ्याच्या कामासाठीही कंत्राटदार दहावीचा दाखला मागतो. जो कामगार तीस वर्षे यंत्र चालवीत आला, त्याची लायकी हरवलेल्या कागदावर ठरावी, ही कोणती गुणवत्ता? विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रियांना तर माहेरच्या नावाची बाई आपणच, हेही वेगळे सिद्ध करावे लागते. आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी आहे. १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली ठरावीक देशांत जाण्यासाठी जी सरकारी परवानगी लागते, तिच्यातून दहावी उत्तीर्ण असल्याचा पुरावा दाखवणाऱ्यास सूट मिळते. पुरावा नसला की तोच माणूस दलालाच्या दारी जातो.

दुय्यम गुणपत्रिका मिळते, हे खरे. पण तिची वाट सामान्यतः पोलीस ठाण्यातील नोंद, जुन्या शाळेत मुख्याध्यापकांची सही-शिक्का, शुल्क आणि विभागीय मंडळ अशी जाते. रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक खेपेस एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. आणि शाळाच बंद पडली असेल तर? पटसंख्येअभावी मराठी शाळा बंद होत असताना हा प्रश्न काल्पनिक राहिलेला नाही.

२०१५ पासून डिजिलॉकरची सोय आली. नव्या पिढीचे काम तिने सुकर केले, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्यांचे निकाल हस्तलिखित किंवा छापील नोंदवह्यांत आहेत, त्यांच्यापर्यंत ती सोय सहजासहजी पोहोचत नाही. गरज जेथे सर्वांत तीव्र, तेथेच यंत्रणा सर्वांत तोकडी, हा आपल्याकडील प्रत्येक सुधारणेचा अनुभव येथेही येतो.

माहितीचा अधिकार २००५ साली कायद्याने मिळाला. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगितले. उत्तरपत्रिकेवर ज्याचा हक्क आहे, त्याला स्वतःच्या निकालासाठी हेलपाटे का घालावे लागावेत? महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदाही २०१५ पासून आहे. त्याचा आधार येथे पुरेपूर मिळाला पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. नाव, जन्मतारीख आणि परीक्षेचे वर्ष एवढ्यावर मंडळाने थेट, ठरलेल्या मुदतीत निकालाचा दाखला द्यावा. शाळेची सही ही अट नसावी. आपत्तीत कागद गमावलेल्यांना तो विनामूल्य मिळावा. जुन्या नोंदवह्यांचे संगणकीकरण सरकारी खर्चाने पूर्ण व्हावे. ज्या मालकाला खातरजमा हवी, त्याने ती स्वखर्चाने मंडळाकडून करून घ्यावी आणि तोवर उमेदवाराच्या स्वयंघोषणापत्रावर त्यास कामावर घ्यावे. मूळ प्रमाणपत्रे ओलीस ठेवून कामगाराला बांधून घालण्याची कंत्राटदारांची प्रथा तर दंडनीय ठरवली पाहिजे.

तोवर कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसू नये. प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एक संध्याकाळ अर्ज भरून देण्यासाठी राखता येईल. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद कायम जपली जाते. ती शोधण्यास हात देता येईल. काम लहान आहे, त्यात घोषणा नाहीत. पण शिक्षणाचा हक्क मागणाऱ्या चळवळीने, घेतलेल्या शिक्षणाचा पुरावा मिळण्याचा हक्कही तितक्याच आग्रहाने मागितला पाहिजे. घाम गाळून पास झालेल्या माणसाला ते पुन्हा पुन्हा सिद्ध करावयास लावणारी व्यवस्था त्याचा अपमान करीत असते.