ही लक्ष्मी कोण?

मुलांनो, घरात लग्न ठरलं की बस्ता बांधायला पुण्याला जायचं, हे आपल्या सणसवाडीत ठरलेलंच. नगर रस्त्याने तीसेक किलोमीटर गेलं की पुणं आणि पुण्यात लक्ष्मी रोड! साड्या, दागिने आणि शेजारी तुळशीबागेत भांडी नि भातुकली. आईचा हात धरून तुम्हीही त्या गर्दीत हिंडला असाल. मग सांगा पाहू, या रस्त्याला 'लक्ष्मी' हे नाव का?

"सोन्याची दुकानं आहेत म्हणून!" वर्गात विचारलं की हमखास हे उत्तर येतं. पण ही लक्ष्मी देवी नव्हे. ही तुमच्या-आमच्यासारखी माणूस होती. लक्ष्मीबाई दगडूशेठ हलवाई हे तिचं नाव. हो, तेच दगडूशेठ! नवरा-बायकोचा मिठाईचा व्यवसाय होता. मुलगा गेला, घर दुःखात बुडालं. त्या दुःखातून सावरताना दोघांनी गणपती बसवला, असं सांगतात. ते साल होतं १८९३. त्या गणपतीला आज सारा महाराष्ट्र ओळखतो. लक्ष्मीबाईंचं नाव मात्र रोज हजारो माणसं घेतात आणि ती कोण हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

आता नाना पेठेकडून या रस्त्याने पश्चिमेला चालू या. नाना पेठेतले नाना म्हणजे नाना फडणवीस. पुढे बेलबाग चौक येतो. तिथलं विष्णूचं देऊळही नानांनीच बांधलं. वाटेत डुल्या मारुती, सोन्या मारुती, उंबऱ्या गणपती भेटतात. पुणेकरांनी देवांनाही टोपणनावं ठेवली बघा! आणखी पुढे डाव्या हाताला सदाशिव पेठ. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंची ती आठवण. उजव्या हाताला नारायण पेठ. ती नारायणराव पेशव्यांच्या नावाची, ज्यांचा १७७३ साली शनिवारवाड्यात खून झाला. याच रस्त्यावर मुलींची एक शाळा आहे, १८८४ साली सुरू झालेली. तिला सगळे 'हुजूरपागा' म्हणतात. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. पेशव्यांचे घोडे कधीच गेले. आज तिथे मुली शिकतात, पण नाव टिकून आहे.

बघा, पुस्तक न उघडता इतका इतिहास नुसत्या नावांतून वाचता आला. मात्र नाव वाचता यायला कुणीतरी त्याची गोष्ट सांगावी लागते. गोष्ट विसरली की लक्ष्मीबाईंची नुसती 'लक्ष्मी' होते.

तुम्ही म्हणाल, "बाई, ते पुण्याचं झालं. आपल्या गावात कुठल्या पेठा?" अरे, पेठा नसतील, पण आपल्याकडे प्रत्येक शेताला नाव असतं! आंब्याचं, विहिरीकडचं, माळावरचं, ओढ्याचं. आजोबांना विचारा, ते डोळे मिटून सांगतील. सातबारा काढून पाहा, तिथे शेत गट नंबराने ओळखलं जातं. शेत विकलं, तिथे कारखाना किंवा प्लॉट झाले, की कागदावर नंबर राहतो आणि नाव जातं. आंबा तुटला तरी 'आंब्याचं' हे नाव जिवंत राहू शकतं, पण ते कुणाच्या तरी तोंडी असायला हवं. कारखान्यांमुळे बाहेरगावाहून आलेले कितीतरी मित्र आता तुमच्या वर्गात आहेत. त्यांना ही नावं कोण सांगणार?

म्हणून या आठवड्याचा गृहपाठ. वहीचं एक पान घ्या. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून शेतं, ओढे, वाटा, विहिरी यांची दहा नावं लिहा. समोर, ते नाव का पडलं ते लिहा. जे दुसऱ्या गावाहून आलेत, त्यांनी आपल्या मूळ गावाची नावं लिहावीत.

आणि पालकांनो, पुढच्या वेळी बस्ता बांधायला जाल तेव्हा खरेदी आटोपल्यावर दोन मिनिटं थांबा. मुलांना विचारा, "ही लक्ष्मी कोण, माहीत आहे?" या वेळी उत्तर बरोबर येईल!