डिस्कसची टाकी: उंची कमी चालेल, रुंदी द्या

"डिस्कस पाळायचेत रे, टाकी केवढी घेऊ?" असं विचारणारा माणूस बहुतेक वेळा जागा आधीच मोजून आलेला असतो. हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला दोन-सव्वादोन फूट मोकळे आहेत. दुकानात निळेशार, ताटलीसारखे गोल मासे बघून झालेत. आता कुणीतरी फक्त "घे, चालेल" म्हणायचं बाकी असतं. मी म्हणत नाही. त्यामुळे ऑफिसात या विषयावर माझं मत विचारायला फारसं कुणी दुसऱ्यांदा येत नाही. :)

आधी साधा हिशोब बघू. दुकानातली सगळ्यात खपणारी टाकी म्हणजे दोन बाय एक बाय एक. म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ भरली तर ५७ लिटर. वर दोन इंच मोकळे सोडायचेच असतात, म्हणजे हातात राहिले ४७. वाळू, लाकूड, फिल्टर यांची जागा वेगळीच. पूर्ण वाढलेला डिस्कस असतो १५ ते १८ सेंटिमीटर, म्हणजे सहा-सात इंच. आणि या टाकीची रुंदी बारा इंच! माशाला वळताना रिव्हर्स गिअर टाकायला लागेल.

गोची अशी की दुकानात दिसणारा डिस्कस दोन-अडीच इंचांचा असतो. तेवढ्याशा माशाला दोन फुटी टाकी प्रशस्त वाटते, आणि दुकानदारही म्हणतो, "आत्ता ही घ्या सर, मोठे झाले की बघू." नीट खायला मिळालं तर हे मासे साधारण वर्षभरात मोठे होतात. नाही मिळालं, पाणी सतत घाण राहिलं, तर खुजे राहतात. खुजा डिस्कस ओळखायला सोपा: डोळा शरीराच्या मानाने मोठा आणि अंग गोल असायच्या ऐवजी लांबट. लहानपणी राहिलेली ही वाढ नंतर मोठी टाकी आणून फारशी भरून निघत नाही. म्हणून "आत्ता छोटी, मग मोठी" हा सल्ला गप्पीला चालेल, डिस्कसला अजिबात नाही.

तर मग किती? माहितगार लोकांत एक ठोकताळा आहे: मोठ्या डिस्कसला माणशी, आपलं, माशी चाळीस लिटर. पण तो ऐकून "मग ऐंशी लिटरमध्ये दोन ठेवतो" असं म्हणू नका. डिस्कस कळपाने राहतो आणि कळपात कडक उतरंड असते. दोन-तीनच मासे ठेवले तर एक दादा होतो आणि दुसरा सगळा मार खातो. मग तो कोपऱ्यात काळा पडून उभा राहतो, खाणं सोडतो आणि शेवटी जातो. पाच-सहा असले तर तोच मार सगळ्यांत वाटला जातो, कुणा एकाच्या जिवावर बेतत नाही. म्हणजे सहा मासे गुणिले चाळीस, २४० लिटर. चार बाय दीड बाय दीडची टाकी दोन इंच मोकळे सोडून भरते २२६ लिटर. थोडक्यात चुकलं. त्याच्या पुढचा आकार घ्यायला हवा.

इथे खरा वाद सुरू होतो, कारण पुढचे आकार दोन आहेत. चार फूट लांब, दीड रुंद, दोन उंच. किंवा चार फूट लांब, दोन रुंद, दीड उंच. दोन्ही बारा घनफूट, काठोकाठ ३४० लिटर. दहातले नऊ जण उंचवाली घेतात. सोफ्यावरून ती भव्य दिसते आणि हॉलमधली सहा इंच जागा वाचते. फ्लॅटच्या आजच्या भावात सहा इंच म्हणजे काही कमी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही माझं मत रुंदवालीला.

एक तर हवा. डिस्कसला पाणी लागतं २८ ते ३० अंशांचं, आणि पाणी जेवढं गरम तेवढा त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९.१ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात ७.५. म्हणजे सुरुवातच तुटवड्यात. प्राणवायू आत येतो तो पृष्ठभागातून. उंच टाकीचा पृष्ठभाग सहा चौरस फूट, रुंद टाकीचा आठ. पाणी तेवढंच, पण श्वास घ्यायची खिडकी एक तृतीयांशाने मोठी.

दुसरं, पळायला जागा. डिस्कस भित्रा प्राणी आहे. रात्री कुणी खट्कन दिवा लावला की सगळे उधळतात. दादाने अंगावर चाल केली की धाकटा बाजूला किंवा मागे सटकतो. वर पळून काय करणार, तिथे पाणी संपतं! अरुंद टाकीत तो काचेवर आपटतो. दीड फूट उंचीत सात इंचांचा मासा आरामात राहतो.

तिसरं कारण ज्याला टाकी साफ करायची असते त्यालाच कळतं. अडीच फुटांचा स्टँड, त्यावर दोन फूट उंच टाकी. तळाची घाण काढायला स्टूल लागतं, हात काखेपर्यंत आत जातो आणि टीशर्ट भिजतो. असं काम माणूस उद्यावर ढकलतो, आणि डिस्कसच्या बाबतीत उद्या महाग पडतो.

वजनाचं तर लोक उलटंच समजून बसलेत. "रुंद टाकी जड, स्लॅबला नको." अहो, पाणी दोन्हीकडे सारखंच! जमिनीच्या दर चौरस मीटरवर पडणारा पाण्याचा भार उंचीवर ठरतो: दोन फूट पाणी म्हणजे सुमारे ६१० किलो, दीड फूट म्हणजे ४५७. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतं. घाबरू नका, तो अख्ख्या खोलीवर पसरलेला धरलेला असतो आणि टाकी खोलीचा एक कोपरा व्यापते. पण काच, वाळू, स्टँड मिळून सारं प्रकरण साडेचारशे किलोच्या घरात जातं, तेव्हा ते भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा. वास्तुवाले ईशान्य कोपरा सांगतील, मी म्हणतो आधी बीम कुठून गेलाय ते बघा. सहा फुटी टाकीचा विचार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाहीच. शिवाय काचेवरचा दाबही पाण्याच्या खोलीनेच वाढतो, म्हणजे उंच टाकीला जाड काच आणि जास्त पैसे.

उंचीच्या बाजूनेही बोलायला हवं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात हे मासे संथ पाण्यात, बुडालेल्या फांद्या-मुळांच्या गर्दीत राहतात, आणि उभं लाकूड लावलेली उंच टाकी दिसते सुंदरच. सहा बाय दोन बाय दोन परवडत असेल तर खुशाल घ्या, तिथे रुंदीही मिळतेच. आणि जोडीची पैदास करायची असेल तर सगळंच गणित बदलतं. तिथे दीड फुटाचा चौकोनी ठोकळा, ९५ लिटर, वाळूबिळू काही नाही. कारण पिल्लं सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन जगतात आणि मोठ्या टाकीत ती आईबापांपासून भरकटतात. पण ती प्रसूतीची खोली, राहतं घर नव्हे.

हे झालं किमान. कमाल कोण ठरवतं? हॉल नाही, बँक बॅलन्सही नाही. बाथरूमचा नळ ठरवतो! आमच्या धंद्यात डिस्क केवढी घ्यायची हे सगळे मोजतात, बॅकअपला किती वेळ लागेल हे कुणी मोजत नाही. तसंच हे. ३०० लिटर पाण्याच्या टाकीत दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं म्हणजे १५० लिटर. शहरात माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं सरकारी प्रमाण, म्हणजे टाकी आठवड्यात एका माणसाच्या एका दिवसापेक्षा थोडं जास्तच पिते. वीस लिटरच्या सात-आठ बादल्या बाहेर, तेवढ्याच आत, त्याही क्लोरीन घालवून आणि तापमान जुळवून. सहा फुटीला पंधरा-सोळा बादल्या. मासे लहान असताना दिवसातून चार-पाचदा खाऊ घालायचं, म्हणजे पाणी जवळजवळ रोज. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत टँकर येत असेल तर हा आकडा आत्ताच कागदावर मांडा.

"मग छोटी टाकी, कमी पाणी" असा शॉर्टकट सुचेल. तो चालत नाही. घाण होते माशांच्या संख्येने आणि खाण्याने, काचेच्या मापाने नव्हे. छोट्या टाकीत तीच घाण जास्त दाट, म्हणून पाणी जास्त वेळा बदलायचं. वर वीज गेली की छोटी टाकी लवकर गार होते.

तेव्हा चार बाय दोन बाय दीड, मासे सहा, फार तर सात. एवढी जागा किंवा एवढं पाणी नसेल तर डिस्कस घेऊ नका, हे मी स्पष्टच सांगतो. दोन फुटी टाकी आधीच घरी येऊन बसली असेल तर तिच्यात गप्पी सोडा. बोअरचं जड पाणीही त्यांना मानवतं. आणि पुढेमागे मोठी टाकी घेतलीत तर ही विकून टाकू नका. नवा आणलेला डिस्कस कळपात सोडण्याआधी तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा लागतो, तेव्हा हीच उपयोगी पडते.