४८ आकडे

गेल्या शनिवारी लातूरला मावशीकडे गेलो होतो. उद्देश एकच, झोप काढणे. पण घरात सॉफ्टवेअरवाला आलाय म्हटल्यावर झोप कुठली मिळायला! चपला काढायच्या आत मावसबहीण लॅपटॉप घेऊन समोर उभी. निळी स्क्रीन आणि त्यावर एकच मागणी : बिटलॉकर रिकव्हरी की टाका.

झालं असं, की शुक्रवारी रात्री लॅपटॉप कंपनीच्या अपडेटरने 'महत्त्वाचा सिक्युरिटी अपडेट' दाखवला. तिने शहाण्या मुलीसारखं ओके केलं. तो निघाला बायोसचा अपडेट. सकाळी मशीन सुरू केलं तर हे.

आता आत काय होतं? ती नांदेडच्या विद्यापीठात पीएचडी करते. अहमदपूर, लोहा, कंधार भागातल्या शेतकरी बायकांच्या मुलाखती, तीन वर्षांच्या. कर्ज किती, सावकार कोण, नवरा गेल्यावर दिराने जमिनीचं काय केलं... विश्वासाने सांगितलेलं सगळं. बॅकअप होता म्हणा, पण मार्चमधला.

मी पोचेपर्यंत सल्ल्यांचा पाऊस पडून गेला होता. शेजारचे काका म्हणाले, फॉरमॅट मारा. (उत्तम! कुलूप उघडेना म्हणून घर पाडा.) रिपेअरवाला म्हणाला, डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावू, डेटा निघतो. जुन्या लॅपटॉपचा निघायचा हो, याचा नाही निघणार. डिस्कवरचा मजकूर एन्क्रिप्टेड असतो आणि त्याची किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात. मशीन सुरू होताना ती चिप बघते, सगळं कालच्यासारखंच आहे ना? बायोस बदलला की तिला संशय येतो आणि ती किल्ली सोडत नाही. मग उरतात ते ४८ आकडे. सहा-सहाचे आठ गट. प्रत्येक गटाला ११ ने भाग जातो, त्यामुळे टाइप करताना एखादा आकडा चुकला तर लगेच कळतं. अंदाजाने शोधू म्हणाल तर १२८ बिट्स, म्हणजे ३४ वर ३७ शून्यं इतक्या शक्यता. विसरा.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकचा एक फसलेला अपडेट, जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स आडवी, आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास. उपाय तसा सोपा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल डिलीट करायची. पण डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर आधी ते ४८ आकडे आणा! आयटीवाले एकेका मशीनपाशी बसून आकडे बडवत होते. तरी त्यांच्याकडे निदान आयटी डिपार्टमेंट होतं. आमच्याकडे कोण?

घरगुती लॅपटॉपची ही की, ज्याने सेटअप केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर जाते. म्हटलं, तुझं अकाउंट कोणतं? ती गप्प. मग म्हणाली, "दुकानातल्या पोराने त्याच्याच ईमेलवर सुरू करून दिला होता. मला लातूरची बस गाठायची होती ना."

लावला नांदेडला फोन. पोरगा बिचारा चांगला. अकाउंट उघडलं तर कीजची ही लांबलचक यादी! स्क्रीनवरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवली आणि त्याने ४८ आकडे वाचून दाखवले. लॅपटॉप उघडला. मावशीने चहा टाकला.

आता माझा मुद्दा. माझा राग एन्क्रिप्शनवर नाही. तो लॅपटॉप उद्या एसटीत राहिला तर त्या बायकांची नावं भलत्याच्या हाती लागू नयेत, म्हणून ते हवंच. 'ही कटकट बंद करून टाक' म्हणणाऱ्यांचं मला मुळीच पटत नाही. पण विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्या सेटअपमध्ये बहुतेक लॅपटॉपवर हे आपोआप सुरू होतं, होम एडिशनवरसुद्धा. कुलूप लागलं हे मालकाला धड कळतही नाही, आणि किल्ली कुणाकडे गेली हे तर नाहीच. यात गृहीत काय धरलंय, की जो सेटअप करतो तोच मालक. अहो, नांदेड-लातूर सोडा, पुण्यात तरी आईबाबांचा लॅपटॉप कोण सुरू करून देतं? एक स्क्रीन दाखवा ना ठळक अक्षरांत, की किल्ली अमुक ईमेलवर चालली आहे, हा ईमेल तुमचाच आहे का? एवढं करायला काय जातं?

नुसती की असून भागत नाही, लॅपटॉपही हातात लागतो, असं कुणी म्हणेल. खरंय. पण लॅपटॉप बिघडला की जातो कुठे? त्याच दुकानात!

असो. तिचं स्वतःचं अकाउंट काढलं, एन्क्रिप्शन बंद करून त्या अकाउंटवर पुन्हा सुरू केलं, म्हणजे नवी की तयार झाली. डिस्क उलगडून परत बंद व्हायला बराच वेळ गेला (माझी झोप!). नवी की कागदावर उतरवून मावशीच्या पत्र्याच्या डब्यात, सातबाऱ्याशेजारी.

निघताना त्या पोराला आभाराचा फोन केला. तो म्हणाला, "दादा, यादीत लई जणं हायेत. निम्मी गिऱ्हाइकं मला आठवत पण नाहीत. सगळं डिलीट मारून टाकू का?"

म्हटलं, बाबा रे, काहीही कर, पण डिलीट करू नकोस. बिलबुकं काढ आणि एकेकाला फोन लाव.