लाठी आधी की डॉक्टर?

1 सप्टेंबर 2023 रोजी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातील आंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठ्या चालल्या, अश्रुधुराची नळकांडी फुटली. तीन दिवसांनी राज्याच्या गृहमंत्र्यांनी क्षमा मागितली. गर्दीवरच्या बळाचा निदान हिशेब तरी मागितला गेला. बसस्थानकावर एकटाच ओरडत फिरणाऱ्या, हातात विळा असलेल्या भ्रमिष्ट माणसावर लाठी पडली, तर तो हिशेब कोण मागणार?

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 100 पोलिसाला वैरी नव्हे, रक्षक ठरवते. अशा माणसाला संरक्षणात घ्यायचे, चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचे, कोठडीत कदापि ठेवायचे नाही. पण ज्याच्या कानात आधीच दहा आवाज घुमताहेत, त्याला ‘खाली बस’ हा हुकूम अकरावा आवाजच वाटतो. तिथे चार पावले मागे सरणे, बघ्यांना हटवणे आणि एकानेच हळू बोलणे कामाला येते. हे शिकवायला दारूगोळा लागत नाही, वेळ लागतो. आणि पोलीस ठाण्यात तोच नसतो, हेही खरे.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही जुनी मनोरुग्णालये जालन्यापासून फार लांब. तेव्हा घरातले माणूस बिथरण्याआधीच टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फिरवा.