गळ टाकायला चला!

नदीवर बाई जाते ती धुण्याची बादली घेऊन. हौसेनं गळ टाकून काठावर बसलेली बाई निदान मी तरी आमच्या गावात पाहिलेली नाही. अमेरिकेतही हा छंद फार काळ पुरुषांचाच समजला जायचा. तिथल्या पश्चिमेकडच्या मोंटाना राज्यात मॅडिसन, यलोस्टोन अशा डोंगरी नद्या आहेत. त्यांच्या थंड, स्वच्छ पाण्यातला ट्राउट मासा पकडायला लोक लांबून येतात.

या छंदाचा एक वेगळाच उपयोग मला फार मोलाचा वाटतो. १९९६ साली व्हरमाँट राज्यात एक सर्जन आणि एक मासेमारीत तरबेज बाई अशा दोघींनी ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ ही संस्था काढली. स्तनाचा कर्करोग झालेल्या बायकांना ही संस्था दोन-तीन दिवस नदीकाठी नेते, तेही फुकट. मोंटानातही अशी शिबिरं होतात.

आता म्हणाल, कर्करोगाचा आणि माशांचा काय संबंध? ऑपरेशननंतर हात आखडतो, खांदा उचलत नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी पाण्यावर टाकताना हात हलकेच मागे-पुढे झुलवावा लागतो. डॉक्टर देतात त्या व्यायामासारखीच ही हालचाल. सापडलेला मासा पुन्हा पाण्यात सोडायचा. म्हणजे कापा, धुवा, तळा ही कटकटही नाही! संध्याकाळी सगळ्याजणी मोकळेपणानं बोलतात.

आपल्याकडे काय होतं? केमो संपली की घरचे म्हणतात, ‘सुटलीस बाई!’ आणि ती पुन्हा पोळपाटापाशी. फळीवरचा डबा काढता येत नाही, पण सांगणार कुणाला? शेजारी फक्त ‘गाठ काढली’ एवढंच ठाऊक. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून आजारच लपवायचा.

आपल्याला ट्राउट नकोय, मैत्रिणींनो. हवेत दोन मोकळे दिवस, त्याच दुखण्यातून गेलेल्या चारचौघी आणि व्यायाम नीट शिकवणारं कुणीतरी. देवदर्शनाच्या सहली आपली महिला मंडळं हौसेनं काढतात. वर्षातून एक सहल या बायकांसाठी काढायला काय हरकत आहे? आणि तिथे स्वयंपाक मात्र त्यांना करायला लावू नका!