मातीचा नमुना पाठवता, मग इंजिनाच्या ऑइलचा का नाही?



आज भात नाही, वाल नाही, सुपारी नाही. आज गाडीबद्दल लिहितोय. पण विषय शेतीचाच हाय. माल वेळेत बाजारात नाही पोचला तर पिकवून करायचं काय?

दिवाळीनंतर माझी जुनी डिझेल पिकअप सकाळी सुरू केली की टकटक करायला लागली. गरम झाली की आवाज कमी. गॅरेजच्या पोराने लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, दुसऱ्या टोकाला कान लावला अन् म्हणाला, "काका, बेरिंग गेलं. इंजिन खोलायला लागंल." एका मिनिटात निकाल!

मी म्हटलं, थांब बाबा. बेरिंगचा आवाज बहुतेक ऑइल गरम होऊन पातळ झालं की वाढतो, लोड आला की वाढतो. माझा तर उलटा कमी होतोय. खोलायच्या आधी ऑइलला विचारू.

बाटलीभर ऑइल लॅबला पाठवलं. रिपोर्टात शिसं, तांबं, कथील एकदम कमी. बेरिंग झिजत असतं तर हेच धातू वाढले असते. वाढलं होतं ते सिलिकॉन, म्हणजे धूळ, आणि सोबत लोखंड. एअर फिल्टरच्या पुढचा रबरी पाइप खालून फाटलेला निघाला. फिल्टर चकाचक, अन् धूळ मागच्या दाराने इंजिनात! पाइप बदलला, टॅपेट सेट केले, आवाज गेला. इंजिन खोललं असतं तर खर्चही झाला असता आणि फाटका पाइप तसाच राहून नवे रिंग-पिस्टनही खाल्ले असते.

आता भांडणाचा मुद्दा.

2015 साली मृदा आरोग्य पत्रिका आली. त्यात बारा गोष्टी तपासतात. आपण शिकलो की नुसता रंग बघून जमिनीला काय कमी ते कळत नाही. मग इंजिनाच्या बाबतीत अजून बोटावर ऑइल घासून "काळं झालं, खराब झालं" का म्हणतो? डिझेलच्या गाडीत ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच हाय. खराब ऑइल साफ दिसू शकतं आणि चांगलं ऑइल काळंकुट्ट.

कोणी म्हणेल ही शहरी थेरं. अहो, आपल्या रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते. 1998 साली पूर्ण मार्ग चालू झाला, पुढे कित्येक वर्षं डिझेल इंजिनं धावली. रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये लॅब असते, ठराविक मुदतीत इंजिनाच्या ऑइलचा नमुना तपासतात. अमेरिकेतल्या रेल्वेने हे 1940 च्या दशकातच सुरू केलं. रेल्वे नुसता कान लावून इंजिन खोलत नाही, मग आपणच का खोलावं?

रिपोर्ट कसा वाचायचा, थोडक्यात:

लोखंड वाढलं तर सिलिंडर, क्रँक, कॅम बघा. शिसं-तांबं वाढलं तर बेरिंग. बऱ्याच नव्या गाड्यांच्या बेरिंगमध्ये शिसं नसतं, तिथे ॲल्युमिनियम आणि कथील बघा. क्रोमियम बहुतेक रिंगचं. सोडियम-पोटॅशियम वाढलं तर रेडिएटरचं पाणी ऑइलात जातंय का बघा. आपल्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याचं सोडियमही येऊ शकतं. ऑइल पातळ झालं असेल तर डिझेल मिसळतंय. आणि जांभ्याच्या धुळीत लोखंड अन् ॲल्युमिनियम मुळातच भरपूर असतं. म्हणून सिलिकॉनसोबत हे दोन वाढले की "पिस्टन गेला" म्हणून घाबरू नका, आधी हवेचा रस्ता तपासा.

नमुना घेणं मातीसारखंच. बांधावरची किंवा खताच्या ढिगाजवळची माती आपण घेत नाही. तसंच गाडी चालवून ऑइल गरम असताना काढा, पहिली धार जाऊ द्या, मधली धार कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्या. गाडीचे किलोमीटर, ऑइल बदलल्यापासूनचे किलोमीटर, ग्रेड, मध्ये टॉप-अप किती केलं, सगळं लिहा. कॅनमधल्या नव्या ऑइलचाही एक नमुना द्या, कारण त्यातही थोडं सिलिकॉन असू शकतं.

आता खरं सांगतो, ही टेस्ट म्हणजे देव नाही. एका रिपोर्टवरून फार कळत नाही, दोन-तीन लागोपाठ झाले की चढ-उतार दिसतो. शिवाय मोठे कण नेहमीच्या टेस्टमध्ये दिसत नाहीत. म्हणून मी जुना ऑइल फिल्टर कापून कागद उलगडला, चुंबक फिरवलं. लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटतो, बेरिंगची चमकी चिकटत नाही. दोन्ही नव्हतं. ऑइल प्रेशरही गेज लावून मोजून घेतलं, बरोबर होतं. तेव्हा कुठे खात्री पटली. प्रेशर पडलं असेल किंवा खोल ठोका येत असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, गाडी तिथेच बंद करा.

मिस्त्रीच्या पोराला मी दोष देत नाही. त्याच्या हाती आपण कानाशिवाय दिलंय काय? "लवकर सांग, गाडी भरायचीय" असं आपणच म्हणतो ना!

कृषी अधिकारी आणि केंद्रातले साहेब हे वाचत असतील तर एक मागणं. मातीचे नमुने गोळा करता, त्याच दिवशी पॉवर टिलर, पंप, पिकअपच्या ऑइलच्या बाटल्याही घ्या, एकत्र लॅबला पाठवा. एकेकट्या शेतकऱ्याला कुरिअर अन् फी जड जाते, वीस जणांची मिळून हलकी होईल.

तोवर एक नियम पाळा. इंजिन खोलायला हो म्हणायच्या आधी एक बाटली ऑइल भरून ठेवा. एकदा सांडलं की साक्षीदार गेला.

पटत नसेल तर बांधावर या, फाटका पाइप अजून टांगून ठेवलाय.